शेवटच्याचा पहिला घास

रविवार, पहिला मुक्काम

दादा,

अक्षर ओळखलं असशीलच. लगेच फाडू नकोस. मी काही मागायला लिहीत नाही आणि तुझी समजूत घालायलाही नाही. वहिनी गेल्यावर मी डबा घेऊन आले होते, तेव्हा तू दाराआडून जे सांगितलंस ते मला नीट ऐकू आलं होतं. जेवण नको, माणसं नकोत, आणि तूही नकोस. दोन वर्षं झाली, मी परत आले का? नाही आले. आताही येत नाहीये. फक्त लिहितेय, आणि तेही राग आलाय म्हणून. तुझ्यावर नाही, दुसऱ्यांवर.

मी पायी यात्रेला निघालेय, डोंगरातल्या झऱ्यापर्यंत. हो, वहिनी दर वर्षी जायची तोच रस्ता. का निघाले ते विचारू नकोस. शाळेतली नोकरी संपली, गुडघे अजून शाबूत आहेत, आणि घरात बसून भिंतींना कवायत शिकवता येत नाही.

तर राग कशाचा ते ऐक. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. आधी म्हणजे चांगलीच आधी. मुक्काम एका धान्याच्या गोदामात आहे. पोती एका अंगाला रचून मधली जमीन झाडून घेतलेली, तिच्यावर लांबच लांब सतरंज्या. एका कोपऱ्यात स्वयंपाक. तिथल्या मुख्य आचारी बाईंना सगळे मोठी काकू म्हणतात. मोठी कशाने ते विचारायला नको, त्यांचा वाढायचा डाव नुसता बघितला तरी कळतं. बटाट्याचा रस्सा उकळत होता, कांदा परतल्याचा वास गोदामभर, आणि माझ्या पोटात कावळे कोकलत होते. हळूहळू माणसं आली, रांगांत बसली, दीड-दोनशे तरी असतील. काकूंनी सगळ्यांना वाढलं. मी ब्रेडचा तुकडा मोडला आणि शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं. ती नर्स आहे, नाडी बघावी तसं धरलं. म्हणाली, शेवटचे अजून यायचेत.

मला वाटलं दोन-चार मिनिटांचा प्रश्न असेल. छे. इथली रीत अशी की रस्त्यावरचा शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी घास तोंडात घालायचा नाही. लहान मुलं आणि औषधं चालू असलेले तेवढे सोडायचे. बाकी सगळे भरल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यात गंमत अशी की कुणी चिडत नाही. गप्पा मारतात, पाय चेपतात, एकमेकांचे फोड बघतात. मी दारात जाऊन उभी राहिले. शिट्टी गळ्यात होती (हो, आणलीय, सवय जात नाही). तुझी आठवण झाली हे कबूल करते. तू असतास तर घड्याळ बघून बस सोडली असतीस आणि मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसले असते.

अखेर लांबून दोन माणसं दिसली. पुढे एक थोराड गवंडी, त्याचा एक गुडघा निकामी आहे, आणि त्याच्या मागे चार पावलांवर एक बारकासा म्हातारा न्हावी. हा न्हावी धडधाकट आहे बरं का. पण तो सगळ्यांच्या मागे चालतो. त्याचं कामच ते. तो आला की रस्त्यावर कुणी उरलं नाही असं समजायचं. गवंडी घामाने निथळत आत आला, त्याला बसवलं, ताट दिलं, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याने एक घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाला, "जेवा." तेव्हा कुठे दोनशे हात हलले.

म्हणजे जो सगळ्यात उशिरा येतो तो पहिला जेवतो. आयुष्यभर मी उशिरा येणाऱ्या मुलांना मैदानाभोवती पळवलं, आणि इथे त्यांना मान. रस्सा गार झाला होता, त्यातही माझाच जास्त, कारण मला सगळ्यात आधी वाढलं होतं. आहे की नाही न्याय?

भांडी वाहणारा टेम्पो सामान आणायला तुझ्या गावात जातो. टेम्पोवाल्याला पत्ता सांगितलाय. तो पत्र दाराखालून सरकवेल आणि निघून जाईल. घाबरू नकोस, कडी वाजवू नको असं बजावलंय.

बारकी


मंगळवार, कापड गिरणीच्या आवारात

दादा,

टेम्पोवाला म्हणाला, पत्र टाकलं आणि पाठ वळवली तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला. वाऱ्याने हलला असेल. तुझ्या खिडक्या बंद असतात हे मला माहीत आहे, पण असेल वारा.

आज काय झालं ते सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आज आम्ही गिरणीच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली बसलो होतो. ताटं वाढून झाली होती. गवंडी सुद्धा आज लवकर आला होता, म्हणजे मला वाटलं चला, आज सुटलो. पण न्हाव्याचा पत्ता नाही. त्याच्या आधीचे सगळे आले, तो नाही. काकू डाव खांद्यावर टाकून फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं पडला असेल, कुणी म्हणालं कुणाला तरी घेऊन येत असेल. सूर्य गिरणीच्या धुराड्याआड गेला तरी आम्ही आपले बसलेलो. मी मनातल्या मनात त्या न्हाव्याला मैदानाच्या इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की बिचारा तिथेच कोसळला असता.

मग दिसले. पुढे खांद्यावर शिडी, हातात रंगाचे डबे घेतलेला एक रंगारी, आणि त्याच्या मागे अदबीने चालणारा आपला न्हावी. झालं होतं असं, की हा रंगारी कुणाच्या तरी घराचं काम संपवून आपल्या घरी निघाला होता. न्हाव्याला तो मागून येताना दिसला. न्हाव्याला वाटलं, आपल्यातलाच कुणीतरी दमून मागे पडलाय. म्हणून न्हावी थांबला, तो पुढे जावा म्हणून. रंगाऱ्याला वाटलं म्हातारा माणूस दमून थांबलाय, याला टाकून पुढे कसं जायचं, म्हणून तोही थांबला. न्हावी म्हणाला तुम्ही व्हा पुढे, रंगारी म्हणाला नको नको, तुम्ही व्हा. दोघेही सभ्य. असं करत करत दोन शेतांचं अंतर त्यांनी अर्ध्या दिवसात कापलं.

आणि आता हा रंगारी आवारात आलेला, शिडीसकट, आणि दोनशे माणसं उठून त्याला जागा देतायत. तो बिचारा सांगत होता की मी तुमच्यातला नाही, माझी बायको घरी जेवायला वाट बघतेय. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात ताट दिलं. त्या म्हणाल्या की तुम्ही कुठले ते आम्हाला काय करायचंय, आमच्या मागून आलात ना? तो न्हाव्याकडे बघायला लागला. त्याने विचारलं काय करायचं असतं. न्हावी म्हणाला, एक घास घ्यायचा आणि जेवा म्हणायचं. रंगाऱ्याने घास घेतला. हाताला निळा रंग लागलेला. माफी मागावी अशा आवाजात तो म्हणाला, "जेवा."

दादा, मी हसणार होते. सगळं हसण्यासारखंच होतं. पण त्याच्या त्या एका शब्दावर दोनशे भुकेली माणसं ताटाकडे वळली, आणि माझ्या अंगावर काटा आला. हे कुणाचंही ऐकतील, असं माझ्या डोक्यात आलं. उद्या रस्त्यावरून कुणीही येऊ दे, मागून येऊ दे म्हणजे झालं, हे त्याच्यासाठी उपाशी बसतील. शाळेत इतकी वर्षं मी रांगा लावल्या, पण असली रांग बघितली नव्हती. मी पहिल्यांदाच पूर्ण जेवण गप्प बसून जेवले. नर्सने कपाळाला हात लावून बघितला, ताप आलाय का म्हणून.

रंगाऱ्याने जाताना बायकोसाठी ब्रेड आणि रस्सा मागून घेतला. म्हणाला, रिकाम्या हाताने गेलो तर तिचा विश्वास बसायचा नाही.

बारकी


गुरुवार, शाळेच्या मोठ्या खोलीत

दादा,

हे पत्र बसून वाच. खुर्ची भिंतीकडे तोंड करून असेल, ती वळवून घे.

आज मुक्काम एका शाळेत आहे. बाकं बाहेर काढलीत, फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित आहे. माझी जागा न्हाव्याच्या शेजारी आली. वाट बघताना (आज गवंड्यासाठीच) मी त्याला विचारलं की सगळ्यांच्या मागे चालायचं हे काम त्याला दिलं कुणी. तो म्हणाला, दिलं कुणी नाही, उरलं. त्याच्या आधी एक बाई होत्या. आमची शेवटची, असंच म्हणायचे सगळे त्यांना. त्यांचं येणं बंद झालं तेव्हा याने ती जागा घेतली.

मी सहज विचारलं, कशा होत्या. तो म्हणाला, ठेंगण्या, आणि विनोद सांगताना शेवट यायच्या आधीच स्वतः हसून मोकळ्या व्हायच्या, त्यामुळे त्यांचा एकही विनोद कुणाला पूर्ण माहीत नाही. मी त्याच्याकडे वळून बसले. मग तो म्हणाला, नवरा त्यांचा लांबच्या पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता, कुणासाठी एक मिनिटही थांबायचा नाही.

मी म्हटलं, ती माझी वहिनी. दादा, ते तुला ओळखतात. नावाने नाही. तुला ते घड्याळबुवा म्हणतात. तू चहा बशीत ओतून आधी फुंकर मारतोस आणि मग परत कपात ओततोस, हे इथल्या निम्म्या माणसांना माहीत आहे. तू पहिल्यांदा तिला बघायला गेलास तेव्हा ठरल्या वेळेच्या आधी पोचून कोपऱ्यावर उभा राहिलास, आणि तिने ते वरून गच्चीतून बघितलं, हे तर काकूंनी मला सांगितलं. मला माहीत नव्हतं. तुला तरी माहीत होतं का की तिने बघितलं?

आपण सगळे तिला कासव म्हणायचो. लग्नाला निघायचं, बाजाराला निघायचं, तू दारात चपला घालून तयार आणि ती आत काहीतरी शोधतेय. ती झऱ्याला जायची तेव्हा मीच म्हणायचे, पोचते तरी कशी. तर ऐक कशी पोचायची.

पहिल्या वर्षी ती खरंच सगळ्यांच्या मागे पडली. एकटीच, पायाला फोड, रस्ता चुकलेली. वाटेत तिने पाठ करून ठेवलं होतं की पोचल्यावर काय सांगायचं, उशीर का झाला, कुणाची माफी मागायची. काकूंना तिने नंतर सांगितलं की शेवटच्या वळणावर ती रडत होती, कारण आता बोलणी बसणार. आणि आत आली तर सगळे बसलेले, ताटं भरलेली, एकाचंही उष्टं नाही. कुणी विचारलं नाही की कुठे होतीस. काकूंनी तिला बसवलं आणि पहिला घास घ्यायला सांगितलं. तिचा हात वर जाईना म्हणे. शेवटी काकूंनी तिचं कोपर खालून धरलं.

पुढच्या वर्षापासून ती मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालायला लागली. मागे पडणाऱ्याला मागे कुणी नाही असं वाटू नये म्हणून. आणि तेव्हापासून तिने पहिला घास एकदाही स्वतः घेतला नाही. जो कुणी तिच्या पुढे लंगडत आला त्याला दिला. आधी मागे कुणी चालायचंच नाही, दादा. ही रीत तिने लावलीय. आपल्या कासवाने.

गवंडी आला तेव्हा मी ताटावर बसून होते आणि मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. तो जेवा म्हणाला. मला वाटलं हे तिनेच म्हटलंय. असलं काही मला वाटत नाही कधी, तुला माहीत आहे मी कशी आहे. पण वाटलं.

बारकी


शनिवार, पुलाखाली

दादा,

टेम्पोवाला आला तो गोंधळून. म्हणाला, बाई, आज दार उघडलं. उघडलं म्हणजे साखळीएवढं. आतून एका माणसाने विचारलं, "मागे एकटीला भीती नाही वाटायची का तिला?" टेम्पोवाल्याला काही माहीत नाही. तो म्हणाला विचारून सांगतो, आणि पळाला.

मी न्हाव्याला विचारलं. तो बराच वेळ हसला. म्हणाला, एकट्या कुठे असायच्या त्या. रस्ताभर घड्याळबुवांशी भांडण चालायचं. पुढे वळण आहे, दिसत नाही का? सावकाश घ्या. हॉर्न कशाला वाजवताय, तिला जाऊ द्या आधी, ती दमलीय. असं मोठमोठ्याने. नवे लोक घाबरायचे, जुन्यांना सवय झाली होती. चढ आला की म्हणायच्या, आता गियर बदला. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तू होतास तिच्या बरोबर. तुला कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

आज मी शेवटची आले. पाय सकाळपासून दुखत होता, नर्सने पट्टी बांधली, टेम्पोत बस म्हणाली. मी आणि टेम्पोत? चालत राहिले. एकेक जण पुढे गेला. ज्यांना मी रोज मागे टाकायचे ती सगळी माणसं मला मागे टाकून गेली आणि जाताना एकानेही तसं दाखवलं नाही. गवंडीसुद्धा गेला. मग मागे फक्त न्हाव्याची पावलं. मी म्हटलं तुम्ही पुढे व्हा, मला लाज वाटते. तो म्हणाला, मला पुढचा रस्ता माहीत नाही, मी तुमच्या मागून येतोय. अशी थापाडी माणसं आहेत इथे.

पूल दिसला तेव्हा ऊन कलंडलं होतं. खाली नदीकाठी सतरंज्या, सगळे बसलेले. मी उतारावरून खाली बघत होते, दादा. ताटांतून वाफ येत नव्हती. कितीतरी वेळ येत नसणार. आणि वर बघणाऱ्या त्या तोंडांवर, कसं सांगू, आली एकदाची असं नव्हतं. आली, एवढंच होतं. माझ्यासाठी कुणी आयुष्यात इतका वेळ काही न करता बसलं नव्हतं. मी कोण यांची? शिट्टीबाई म्हणतात मला, तेवढीच ओळख. जगात असं काही चालू असतं आणि आपण घरात बसून दाराच्या कड्या तपासत असतो. मला पायाखालची जमीन मोठी झाल्यासारखी वाटली. देव वगैरे मला कळत नाही. पण तिथे जे काही होतं त्याच्यासमोर मी मान खाली घातली.

काकूंनी मला बसवलं. बटाटा होता, उकडलेला, नुसता. घास तोंडात घातला. वहिनी गेली तेव्हा मी रडले नव्हते, तू दार लावून घेतलंस त्याचा राग होता ना, त्या रागात रडायचं राहून गेलं. आज दोनशे माणसांसमोर भोकाड पसरलं. कुणी चुळबुळ केली नाही. घास गिळला, जेवा म्हणाले, आणि नर्सने पाण्याचा पेला पुढे केला.

आता मुख्य गोष्ट. ती लपवून ठेवणार होते पण आता जमणार नाही. शेवटचा एकत्र मुक्काम तुझ्या गावात आहे. तुझ्या घरामागच्या भाजी मंडईत. त्यानंतर डोंगराचा चढ. मी पहिल्या दिवसापासून हे जाणून होते, त्यासाठीच निघाले होते, बाकी गुडघ्यांचं वगैरे सगळं सांगायचं म्हणून सांगितलं. जेवताना काकूंनी विचारलं की घड्याळबुवा त्याच गावात राहतात ना, येतील का जेवायला. माझं नाक वाहत होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणाले, "येईल."

नुसतं तोंडातून गेलं. दुसऱ्या कुठल्या पंगतीत असं बोललं तर लोक बरं म्हणतात आणि विसरतात. पण न्हाव्याने ऐकलं. तो गंभीरपणे म्हणाला, मग ते रस्त्यावर आहेत. मागून येतायत. आणि त्याने रांगेभर तसं सांगितलं.

तुला कळतंय ना मी काय करून बसले ते? सोमवारी तू मंडईत आला नाहीस तर ही माणसं जेवणार नाहीत.

बारकी


सोमवार, भाजी मंडई

दादा,

हे टेम्पोवाल्याकडे देत नाही. स्वतःच आणून टाकीन.

आम्ही सकाळीच आलो. मंडईवाल्यांनी गाळ्यांमधली जागा धुऊन दिली. कोबीची पानं अजून इकडेतिकडे आहेत. काकूंनी आज रस्सा केलाय, भात केलाय, आणि कुणीतरी पेरू दिलेत ते कापून ठेवलेत. गवंडी कधीचा येऊन बसलाय. न्हावीही आलाय, पण तो बसत नाही. तो मंडईच्या दारात उभा आहे आणि तुझ्या गल्लीकडे बघतोय. रस्त्यावर अजून एक माणूस आहे म्हणतो.

वाढून झालंय. कुणी हात लावलेला नाही.

मी उभी राहून सांगितलं. म्हटलं, ऐका, मी खोटं बोलले. माझा भाऊ येणार नाही. तो दोन वर्षं कुणाकडे गेलेला नाही आणि त्याने कुणाला आत घेतलेलं नाही. त्याला माणसं नकोत. तुम्ही जेवा, माझी चूक आहे. शेवटी शिट्टी वाजवली. मुलं दचकली, मोठी माणसं नाही. गवंडी म्हणाला, "बाई, हळू चालणाऱ्याला वेळ लागतो. मला विचारा." आणि त्याने पाय लांब करून भिंतीला पाठ टेकली, म्हणजे आता त्याला कसली घाई नाही.

मी ताटासमोर बसून हे लिहितेय. सावली या गाळ्यावरून त्या गाळ्यावर गेली. भाजीवाल्या बायका दुकानं आवरता आवरता बघतायत. त्यांतल्या दोघींनी विचारलं कुणाची वाट बघताय, आणि सांगितल्यावर त्याही येऊन बसल्या. आता त्याही उपाशी.

नंतर

न्हावी आत येऊन मला म्हणाला, कुठे अडकलेत ते? मी म्हटलं घरात. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत, खुर्चीत. त्याने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, ती गेल्यापासून. तो काकूंकडे गेला. दोघं काही बोलले. मला वाटलं आता जेवायला सांगतील. काकूंनी डाव पातेल्यात टाकला, पातेल्याच्या एका कानाला धरलं आणि म्हणाल्या, "ज्याला पोचता येत नाही त्याच्याकडे पंगत जाते. उचला."

दादा, ते उठले. सगळे. आपापली भरलेली ताटं हातांत घेऊन, सांडू नये म्हणून बेताने चालत. भाजीवाल्यांनी पातेली धरली. गवंड्याला दोघांनी काखेत धरलं. दोनशे माणसं भरली ताटं घेऊन तुझ्या गल्लीत शिरताना मी बघितली. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

आता आम्ही तुझ्या जिन्यावर आहोत. तुझ्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत, आणि रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत, जिथे जागा मिळाली तिथे. मी सगळ्यात वरच्या पायरीवर आहे, दाराला पाठ लावून, कागद गुडघ्यावर घेऊन. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कडी वाजवत नाही. तू नको म्हटलं होतंस.

दार नाही उघडलंस तरी हे उठणार नाहीत, मी ओळखते आता यांना. पण उघडलंस तर काही बोलावं लागणार नाही. कुणी सांत्वन करणार नाही, कुणी कसा आहेस विचारणार नाही. तुझं ताट न्हाव्याच्या हातात आहे. त्याने ते तुझ्यासाठी दाराशी धरून ठेवलंय. एक घास घ्यायचा आणि एक शब्द म्हणायचा.

कागद दाराखालून सरकवतेय. तुझे पाय दिसतायत मला फटीतून.

बारकी


मंगळवार, डोंगराच्या चढावर

बारके,

ही चिठ्ठी नर्सबाईंच्या हाती पुढे पाठवतोय. तू सगळ्यांच्या आधी वर पोचली असणार, पाय दुखत असला तरी.

काल दार उघडायला एवढा वेळ का लागला ते तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. धुतलेला शर्ट सापडत नव्हता.

मी आयुष्यभर भरलेल्या गाड्या चालवल्या. उशीर झाला की माणसं ड्रायव्हरच्या मानेकडे कशी बघतात ते मला पाठ आहे. काल दार उघडलं आणि खालपर्यंत सगळी तोंडं वर झाली. उशीर माझाच होता. एका कपाळावर आठी नव्हती. रस्सा गार होता आणि मीठ जास्त होतं, मी काही बोललो नाही. जेवा म्हणालो ते तुला ऐकू आलं नसेल. मलाही आलं नाही. पण खालच्या कोपऱ्यापर्यंत हात हलले. ते बघून मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. मी त्या हातांकडे बघत राहिलो. तिला हे रोज दिसायचं.

चढ अवघड आहे. गवंडी आणि मी मागे आहोत, न्हावी आमच्या मागे. मी त्याला म्हटलं तू हो पुढे, मी राहतो शेवटी. तो म्हणाला आधी चालायला शिका. ती वाटेत कुठे कुठे बसायची ते दगड त्याला माहीत आहेत. तो दाखवतो. मी प्रत्येकावर बसतोय. गवंड्याची हरकत नाही.

दगड पुष्कळ आहेत. आम्हाला खूप उशीर होईल. थांबा.

दादा